कड्याखाली बसलेली अक्का

चूक माझीच होती. काल धुळ्याच्या घरी माळ्यावरचा जुना डबा उघडला. त्यात मुरलेला शेंगदाण्याच्या चटणीचा वास आला आणि कोकणातली ती संध्याकाळ समोर उभी राहिली.

ऑफिसातली आम्ही चार कुटुंबं सहलीला गेलो होतो. नरडाण्याजवळच्या आमच्या गावाहून थोरली बहीण, अक्का, केवळ समुद्र बघायला सोबत आली होती. गाडीत ती मोठमोठ्यानं अहिराणी बोलायची आणि साहेबांच्या पत्नी तोंडाला पदर लावून हसायच्या. कड्यावरची वाट सुरू झाली तेव्हा मी तिला म्हणालो, "वर वारा फार आहे. तू खाली जेवणाच्या डब्यांजवळ बस."

वर समुद्र डोळ्यांत मावत नव्हता. फोटो काढत आम्ही कड्याच्या कडेनं लांबवर गेलो. उतरलो तेव्हा अंधारलं होतं. डबे मांडीशी धरून अक्का तिथंच बसलेली. सगळा समुद्र पाहून झाला का, एवढंच तिनं विचारलं.

"बठ्ठा समुद्र दखा का भाऊ? माले आवाज येत व्हता."

पहाटेच आम्हाला परतायचं होतं; अक्काचा समुद्र बघायचा राहिलाच.

तिचा तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. अक्काची नजर आता गेली आहे. आज गावी जाऊन मी तिचा हात धरला आणि कित्येक वर्षांनी तिच्याच बोलीत बोललो, "अक्का, तठे वारा नही व्हता. माले तुना बोलानी लाज वाटनी. मनं चुकनं."