पाल्प्यात अडकलेला आईचा डबा

परतीचं तिकीट काढलं आणि नागपूरला आईला फोन लावला. वर्षभरानं लेक घरी येणार म्हटल्यावर तिचा गळा दाटून येईल अशी माझी समजूत होती. आई म्हणाली, "बरं झालं. माहा डबा घेतला का वं आठवणीनं?"

डबा घेतला नव्हता. तो शेजारच्या धनमाया आमांकडे होता आणि त्या तो देत नव्हत्या.

सुरुवातीपासून सांगते. नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यात, डोंगरावरच्या एका गावात मी वर्षभर स्वयंसेवक होते. ज्या बायका कधी शाळेत गेल्या नाहीत त्यांना दुपारी लिहायला-वाचायला शिकवायचं, एवढंच काम. अक्षरं आपलीच, देवनागरी, त्यामुळे नेपाळी बोलताना मी कितीही आपटले तरी फळ्यावर माझा रुबाब होता. निघताना आईनं जवसाची चटणी भरून स्टीलचा डबा दिला. झाकणावर 'सुमन' हे तिचं नाव कोरलेलं. अंगणवाडीतल्या पहिल्या पगारातून घेतलेला डबा तो, आमच्या घरात त्याला माझ्यापेक्षा जास्त मान आहे.

पोचले त्याच दिवशी चटणी डब्यासकट आमांना दिली. आमा म्हणजे तिकडे आई. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो गुंद्रुक भरून. आंबवून वाळवलेली पालेभाजी, वास दांडगा, चव छान. आता भरलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे मला आईनं शिकवलेलं. मी पोहे भरून पाठवले. आमांनाही त्यांच्या आईनं नेमकं हेच शिकवलेलं! झालं, डबा जो सुटला तो वर्षभर थांबलाच नाही. दह्यातल्या बटाट्याची चुकौनी आली, मी झुणका दिला. तांदळाच्या पिठाची गोड, कड्यासारखी सेलरोटी आली, मी शेवया दिल्या. चौथ्या महिन्यात माझी पाककला संपली आणि बिस्किटं सुरू झाली. एकदा तर तीही नव्हती. मग आमांची पाठ वळलेली बघून त्यांच्याच अंगणातले पेरू तोडले आणि त्यांनाच भरून दिले. एक खाऊन आमा म्हणाल्या, "गोड आहे. चव ओळखीची वाटते."

गावातल्या सतरा जणी माझ्या वर्गात आल्या, आमा काही आल्या नाहीत. "साठी उलटली. आता अक्षरं घेऊन जाऊ कुठे?" डबा द्यायला मात्र बरोबर वर्गाच्या वेळी यायच्या आणि दाराला टेकून उभ्या राहायच्या. आत या म्हटलं की म्हणायच्या, "मी डबा द्यायला आले." मग तासभर डबा देत राहायच्या.

शेवटच्या आठवड्यात मी रोज डबा मागायला जात होते. पहिल्या दिवशी उत्तर, "काय भरू ते सुचलं नाही." दुसऱ्या दिवशी, "मुळ्याचं लोणचं मुरतंय." तिसऱ्या दिवशी ऊन नव्हतं म्हणे. लोणच्याला की आमांना, ते विचारलं नाही. तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. डबा भरत नाही तोवर परत जात नाही, आणि डबा मिळत नाही तोवर मी जात नाही, असा हिशेब होता बाईंचा. मी निघणार याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"आमा, रिकामाच द्या. चालेल मला."

मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी आई काय म्हणेल?"

निघायच्या दिवशी सकाळीच शाळेत दही-तांदळाचा लाल टिळा लावला, झेंडूच्या माळा डोळ्यांपर्यंत आल्या. सतरा जणींनी फळ्यावर आपापलं नाव लिहिलं आणि मी हुंदके देऊन रडले. आमा आल्या नाहीत. घराला कुलूप. मला राग आला, आणि डब्यापेक्षा जास्त आमांचाच आला. वर्षभर खाऊ घालायचं आणि जाताना तोंडही दाखवायचं नाही?

गावातून दिवसाला एकच बस आहे. घाबरट असाल तर दरीकडची खिडकी घेऊ नका. मी घेतली, म्हणूनच दोन वळणं खाली चहाच्या टपरीपाशी रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभ्या असलेल्या आमा मला आधी दिसल्या. पायवाटेनं उतरून आल्या होत्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. त्यांनी फडक्यात बांधलेला जड डबा खिडकीतून आत ढकलला.

"घरी जाऊन उघड. आईसमोर."

"आमा, कुलूप काहून लावलं?" घाईत माझ्या तोंडून शुद्ध नागपुरी निघाली.

त्यांना कळलं असावं. "मला निरोप देता येत नाही, नानी," म्हणाल्या. नानी म्हणजे लेकरू. मग म्हशीला हाकलतात तशी बसला थाप मारली आणि पाठ फिरवली.

खाली बुटवलपर्यंतचा रस्ता दरडींचा, हातात वेळ ठेवूनच निघा. बुटवलला डाळ-भात पोटभर मिळतो, वाढणारा थांबत नाही. तिथून भैरहवा, मग सुनौलीची सीमा चालत ओलांडायची. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ असू द्या. पुढे गोरखपूरपर्यंत बसला तीनेक तास, आणि नागपूरच्या गाडीत जवळजवळ एक दिवस. सगळी वाट डब्यातून पेरूचा वास येत होता. चोरी पकडली गेली होती तर! मी एकटीच हसत होते आणि समोरच्या काकू मुलीला जवळ ओढून बसल्या.

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घरी पोचले. आईनं आधी मला पाणी दिलं, मग फडकं सोडलं. वरपर्यंत पेरूच पेरू. मी सगळी हकीकत सांगत सुटले, पण आई झाकण उजेडाकडे धरून बघत होती.

"हा माहा डबा नाही वं."

मी झाकण हातात घेतलं. खिळ्यानं ओरखडून नाव लिहिलं होतं. शिरोरेषा वाकडी, 'य' दुसऱ्यांदा गिरवलेला, पण एकही अक्षर चुकलेलं नाही. धनमाया.

दाराला टेकून, तासभर डबा देता देता, ही बाई सगळं शिकली होती. माझी अठरावी विद्यार्थिनी. आईसमोर मला रडू आवरेना.

लोक विचारतात, वर्षभरात मिळवलं काय? पगार नव्हता, प्रमाणपत्र कुठल्या पिशवीत आहे ते आठवत नाही. मी या झाकणाचा फोटो दाखवते.

पण तेव्हा मला पहिल्या पगाराच्या डब्याची धास्ती होती. आईनं झाकण माझ्या हातातून परत घेतलं.

"माहा ठेवून घेतला अन् तिचा देल्ला?"

"हो."

"हुशार हाय बाई."

तिनं पेरू परातीत काढले, डबा घासला, पुसला. मग जवसाची बरणी खाली उतरवली आणि कढई तापत ठेवली.

"आई, पोस्टानं पाठवू या का?"

"डबा का पोस्टानं देत असतेत?" लग्नकार्यालाही वर्ध्याच्या पुढे न जाणारी माझी आई जवस परतत म्हणाली. "गोरखपूरची गाडी किती वाजता सुटते वं?"