ताईसाठी लिहिलेली एक ओळ

माझं डोकं लवकर तापतं. त्यात पायगुण, अपशकुन असलं काही कानावर आलं, तर विचारूच नका. चुलतबहिणीच्या हळदीला आत्यानं माझ्या ताईला "तू जरा मागं थांब हं" म्हटलं, तेव्हा मी भर मांडवात आत्याशी भांडलो होतो. आईनं दंडाला धरून मला बाहेर काढलं. बाहेर उभ्या असलेल्या बँडवाल्यांनाही मी विज्ञानाचे चार शब्द ऐकवले. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझी लायकी नीट कळेल.

ताई माझी थोरली बहीण. तिला नामपूरला दिली होती. लग्न झालं आणि महिन्याभरात सासरे गेले. मग दिराचं ठरलेलं लग्न मोडलं, मग विहीर आटली. अहो, त्या उन्हाळ्यात सगळ्या बागलाणातल्या विहिरी आटल्या होत्या, पण यांची मात्र ताईच्या पायगुणानं आटली! पांढऱ्या पायाची म्हणू लागले तिला. आधी मागून, मग तोंडावर. शेवटी ती घटस्फोट घेऊन नाशिकला आमच्याकडे आली, पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये. आई तिला कधी काही बोलली नाही, पण स्वतः महत्त्वाच्या कामाला निघाली की "कुकर बघ गं जरा" म्हणून तिला आत पाठवायची. कुकर लावलेला नसला तरी. ताईला ते कळत होतं. ती केमिस्ट्रीची बी.एस्सी., इथल्याच अंबडच्या कंपन्यांतून बोलावणी यायची, पण ती जायचीच नाही. "मी गेले की फिसकटणार," म्हणायची, आणि वर हसायची. त्या हसण्याचा मला भयंकर राग यायचा.

आता माझ्या उद्योगाबद्दल. पोटापाण्याला मी सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे, आणि उरलेल्या वेळात एका खेळासाठी फुकट टूल बनवतो. खेळ असा: चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, कुणी शिलेदार, कुणी वैद्य, कुणी चोर. "मी दरीवरून उडी मारतो," असं कुणी म्हणालं की फासा टाकायचा. वीस बाजूंचा फासा. वीस पडले तर पलीकडे, एक पडला तर खाली. तसले फासे इथल्या दुकानांत मिळत नाहीत, म्हणून मी फोनवर चालणारा फासा बनवला. मग त्याला नकाशे जोडले, पात्रांची माहिती जोडली, सगळं मराठीत. नकाशावर ‘त्र्यंबक’ लिहिलं की अक्षरं मोडून पडायची, त्यावर मी महिनोन् महिने झगडलो. हे सगळं मोफत, आणि कोडही उघडा. म्हणजे आत काय लिहिलंय ते जगात कुणीही वाचावं, तपासावं, बदलावं. याचा मला केवढा अभिमान! लपवाछपवी करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना शिव्या घालणं हा माझा आवडता विरंगुळा होता.

आमच्याकडे दर रविवारी दुपारी खेळ बसायचा. गोष्ट मी सांगायचो. खेळायला माझा एक मित्र यायचा, मूळचा मालेगावचा, अंबडला एका कारखान्यात असतो. टूलच्या कोडमध्येही तो मला हातभार लावायचा. सोबत त्याची बायको. एक माणूस कमी पडत होता, म्हणून मी ताईला ओढून बसवलं. ती झाली वाटाडी, घाटातून लोकांना पलीकडे नेणारी.

पहिल्याच दिवशी तिचा फासा असा काही वागला की काय सांगू! एक, तीन, दोन, परत एक. आकडा वर जायचं नावच घेईना. संध्याकाळपर्यंत वाटाडी दरीत गेली, आणि तिच्या मागोमाग चाललेला मित्राचा शिलेदारही गेला. ताईनं फोन टेबलावर ठेवला आणि तेच हसू हसून म्हणाली, "बघ, इथंसुद्धा. मला घेऊ नका रे खेळात." भज्यांची रिकामी ताटली उचलून ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारला आणि टूलमध्ये एक ओळ लिहिली. फासा ताईच्या फोनवरून पडला आणि आकडा दहाच्या खाली आला, तर गुपचूप पुन्हा टाकायचा आणि दोन्हींतला मोठा दाखवायचा. त्या ओळीला नाव दिलं ‘ताईसाठी’. आपल्यापुरती वेगळी प्रत ठेवायची, एवढी अक्कल तेव्हा चालायला हवी होती. पण आम्हा लोकांना एक वाईट खोड असते. काम झालं रे झालं की ते नेटच्या चव्हाट्यावर टाकायचं. मीही टाकलं. म्हटलं, मराठी नाव आहे, कोण मेला वाचतोय!

ताईचा फासा सुधारला. नुसता सुधारला नाही, चमकायला लागला. तिची नवी वाटाडी पूर आलेली नदी ओलांडून गेली, वाघाच्या तोंडातून मित्राच्या नव्या शिलेदाराला काढून आली. मित्राची बायको अडचणीत आली की आपला फोन बाजूला ठेवून म्हणायची, "माझ्यासाठी तुम्हीच टाका हो ताई. तुमचा हात लागला की काम होतं." ताईच्या हाताचा गुण! जिला हळदीला हात लावू देत नव्हते, तिच्या हाताचा. ती आधी लाजायची, मग ऐटीत टाकायला लागली. टाकण्याआधी तळहातावर फुंकर मारायची. फोनच्या फाशाला कसली फुंकर! पण मला ते बघून इतकं बरं वाटायचं की त्या ओळीचा मी विचारच करत नव्हतो. उलट मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

मग एका सकाळी ती साडी नेसून बाहेर आली आणि म्हणाली, "अंबडला मुलाखत आहे. जाऊन येते." औषधांच्या कंपनीची प्रयोगशाळा होती. संध्याकाळी पेढे घेऊन आली. पहिला पेढा तिनं आईच्या तोंडात घातला, दुसरा माझ्या, आणि म्हणाली, "फिरलं रे माझं. खरंच फिरलं." मी पेढा गिळला.

पुढे काही रविवार झाले. खेळ ऐन रंगात आला होता, आणि मित्राचा फोन वाजला. टूलबद्दल कुणी काही लिहिलं की ते त्यालाही यायचं. कुठल्या तरी परदेशी माणसानं सगळ्यांना दिसेल असं विचारलं होतं. मित्र हौसेनं मराठीत करून वाचायला लागला, "म्हणतो, टूल झकास आहे, यातला फासा वापरतोय. पण हा ‘ताईसाठी’ नावाचा नियम कसला? एका खेळाडूला फासा दोनदा मिळतो, आणि बाकीच्यांना ते दिसत नाही. चूक आहे, की मुद्दाम…" वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटचा शब्द त्यानं गिळलाच. त्याची बायको नकाशाकडे बघत बसली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडव गाजवणारा मी, टेबलावरचे भज्यांचे कण गोळा करायला लागलो. ताईनं विचारलं, "हे आपल्याच फाशाचं का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "बरं. चहा ठेवते." आणि उठली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. तिनं खरंच चहा ठेवला होता. आलं किसत होती.

"ताई, अगं, तुला बरं वाटावं म्हणून केलं. त्या दिवशी तू इतकी…"

"माहितीये."

"पहिल्या दिवशी पडले ते आकडे कुणालाही पडतात. तो नुसता योगायोग असतो."

"असतो ना?" ती वळली. "मग दुसऱ्या रविवारी चांगले पडले असते. कधी ना कधी पडलेच असते. तू थांबला का नाहीस?"

तिनं गॅस बारीक केला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुलाही वाटतच होतं."

खरं सांगू? वाटत होतं. त्या पहिल्या दिवशी फाशावर परत एक पडला, तेव्हा माझ्या मनात आलं होतं, हिचं असंच होणार. गणित मला येतं, आकड्यांना माणूस कळत नाही हेही मला ठाऊक आहे, आणि तरीही मनात आलं होतं. आत्या निदान तोंडानं बोलली. मी तेच कोडमध्ये लिहून, वर दयेचा मुलामा देऊन, जगापुढे मांडलं. तिथं उभा राहून मला माझीच शिसारी आली. आजही हे आठवलं की मान खाली जाते.

ती ओळ मी तिच्यासमोर बसून काढली. "हे बघ, गेली," म्हणून स्क्रीन दाखवली. ती बघून म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" उघडा कोड म्हणे! जगाच्या पाठीवरच्या परक्या माणसाला उघडा, आणि शेजारच्या खोलीतल्या बहिणीला बंद.

मला वाटलं होतं, ती परत खेळायला बसणार नाही. पण पुढच्या रविवारी बसली. मित्र म्हणाला, "ताई, खरे फासे मागवतो मी, या फोनचं सोडा." ती म्हणाली, "नको, यावरच टाकते." तळहातावर फुंकर नाही, काही नाही. बोट लावलं.

वीस पडले.

मित्राची बायको "वीस!" म्हणून ओरडली आणि एकदम गप्प झाली. ताईनं फाशाकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं. मित्रानं, त्याच्या बायकोनंही माझ्याकडेच बघितलं.

"काढलीय मी," मी म्हणालो. "तुझी शपथ, काढलीय. हे खरे आहेत."

"हो का," ताई म्हणाली. "छान." आणि पुढचा फासा तिनंच टाकावा म्हणून आपला फोन मित्राच्या बायकोकडे सरकवला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती सोमवारसाठी ड्रेसला इस्त्री करत होती. मी दारात घुटमळत होतो. तिनं वर न बघता विचारलं, "अंबडच्या नोकरीचं काय रे? तिथंही कुणाला सांगून ठेवलं होतंस का?"

"नाही गं! आईशप्पथ नाही. त्या कंपनीत मी कुणाला ओळखतसुद्धा नाही. ती तुझी तू मिळवलीस."

"तुझा मित्र अंबडलाच असतो म्हणून विचारलं."

"त्यालाही नाही सांगितलं. खरंच, ताई."

तिनं बाही उलटी केली, तिच्यावरून इस्त्री फिरवली, आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी बोललो त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण तपासून बघायला तिच्याकडे माझ्या शब्दावाचून दुसरं काहीच नव्हतं.