घड्याळ झाकणारी कोच

इथे परदेशात, आमच्या कनाटा उपनगरातल्या पोहण्याच्या तलावावर कोच आली की पहिलं काम ठरलेलं: बाकावर चढून भिंतीवरच्या मोठ्या घड्याळावर टॉवेल टाकायचा. तोही डाव्या हाताने, कारण उजवा खांद्याच्या वर जात नसे. तिचं स्वीडिश नाव आम्हा पुण्या-नागपूरच्या पालकांना कधी जमलं नाही. आम्ही तिला नुसतं कोच म्हणायचो.

एकोणिसाव्या वर्षी ती पोहण्यात स्वीडनची विजेती झाली, पुढे सलग तीन वर्षं राहिली. पदकं कुठे ठेवलीत, असं मी विचारलं होतं. "बेसमेंटमध्ये. विंटर टायर्सच्या मागे." खांदा दुखत असताना तिचे वडील तिला पाण्यात उतरवत, तेच तिचे प्रशिक्षक. बाविसाव्या वर्षी भर शर्यतीत हात निकामी झाला. हे तिने मला पार्किंगमध्ये, गाडीवरचा बर्फ खरवडता खरवडता सांगितलं. मी ऐकलं आणि घरी जाऊन विसरले.

मुलांना ती आधी पाण्यावर नुसतं पडून राहायला लावायची. "घाई कसली? पाणी कुठे जात नाही." माझी सई, वय अकरा, तासभर हसत असायची. मला मात्र प्रगती दिसेना. काचेमागे उभी राहून मी फोनच्या स्टॉपवॉचवर तिची पोहण्याची वेळ मोजायला लागले. चौदा शनिवार, तारखेनिशी, रंगीत तक्ता. तो पालकांच्या ग्रुपवर टाकला.

"वहिनी, हा मॅनेजमेंटला पाठवाच," ग्रुपमधले कुलकर्णी म्हणाले. "आमच्या तोंडी तक्रारींना कोण विचारतं?"

सई म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट. शी'ल लूज हर जॉब."

मी पाठवला. इतरांकडे नुसती कुरकुर होती, कागद एकट्या माझ्याकडे होता. महिन्याभरात कोचला काढलं.

शेवटच्या दिवशी ती माझ्याजवळ आली. मॅनेजमेंटने तक्त्याची प्रत तिलाही दिली होती. "काम व्यवस्थित आहे," ती म्हणाली, "पण नवव्या शनिवारी सईला ताप होता. मी तिला पोहू नको म्हटलं होतं. आई काचेमागे उभी आहे म्हणून ती पोहली." तिच्या आवाजात राग नव्हता.

नव्या कोचने दोन महिन्यांत सईचे चार सेकंद कमी केले. मार्चमध्ये सईने पोहणं सोडलं. मी कारण विचारलं.

"यू वोन्ट लाइक इट, आई."

मी पुन्हा विचारलेलं नाही.