घराबाहेर काढायची बकरी

आई गेल्यावर बाबांना मी हट्टाने कुवेतला, आमच्या खैतानच्या घरी आणलं. घर दोन खोल्यांचं. हॉलमध्ये बाबांचा पलंग आला आणि नवऱ्याच्या ऑनलाइन मीटिंगा स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी सुरू झाल्या. मी नर्स, रात्रपाळी करून दिवसा झोपायला जावं, तर बाबांच्या खोकल्याने भिंती हलायच्या. तक्रार कुणीच केली नव्हती, पण बाबांना सगळं कळत होतं. एका शुक्रवारी चहा पिताना म्हणाले, "बाय, माझं तिकीट काढ."

मी भडकलेच. व्हिसा अजून शिल्लक होता, आणि अलिबागच्या रिकाम्या घरात एकटे करणार काय होते? पण बाबा वाद घालत नाहीत, गोष्ट सांगतात. त्यांचा जिवलग मित्र बेने इस्रायली, म्हणजे आमच्या कोकणातला ज्यू. त्याच्याकडून ऐकलेल्या गोष्टींचं गाठोडं त्यांनी इथे आणलं होतं. ज्यूंचे प्रेषित एलियाहू नबी, त्यांचा रथ आमच्याच तालुक्यातल्या कातळावरून आभाळात गेला, चाकांच्या खुणा अजून आहेत, असं ते माझ्या सहा वर्षांच्या लेकीला शपथेवर सांगायचे. रथ फोर व्हील ड्राइव्ह होता का, एवढाच तिचा प्रश्न.

त्या दिवशी तिला मांडीवर घेऊन त्यांनी नवी गोष्ट काढली. एका गरीब ज्यूचं घर लहान, माणसं फार. तो रडत धर्मगुरूंकडे गेला. ते म्हणाले, कोंबड्या घरात घे. मग म्हणाले, बकरीही घे. पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा म्हणाले, आता सगळी बाहेर काढ. काढली, आणि तेच घर राजवाड्याएवढं वाटायला लागलं!

"कळलं?" बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. "बकरी बाहेर काढा. घर मोठं होईल."

मी चहाचे कप उचलायला लागले. लेक मात्र कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"बट आजोबा, देन हू विल गिव्ह देम मिल्क?"

"हे काय माझ्या मित्राने मला सांगितलं नाही गो," बाबा म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटले. मीही हसत होते आणि रडत होते.

हसणं ऐकून नवरा बाहेर आला. "मग तिकिटाचं काय ठरलं?"

"कसलं तिकीट?" बाबा म्हणाले. "दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात ना, जावईबापू? आता बकरीच्याही गोड मानून घ्या."