तलावावर जाण्याचा अर्ज

आमच्या गावापासून तलाव चार कोसांवर होता आणि तिथं जायला आम्हाला चार महिने लागले. बैल धडधाकट होते, रस्ता कोरडा होता. उशीर अर्जामुळे झाला.

तलाव सरकारी. आर्णीच्या अलीकडं दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालून बांधलेला. त्या पाळीवर माझ्या मायनं दोन उन्हाळे टोपल्यानं माती वाहिली होती. काम संपलं तेव्हा तिथं नुसता खड्डा होता. पुढच्या पावसाळ्यात तो काठोकाठ भरला, असं तिनं बाजारात ऐकलं. दसऱ्याला ती बाबांना म्हणाली, "म्या बांधला तो तलाव मले भरलेला पाह्याचा हाये. पाय बुडवाचे हायेत त्यात. पाणी सुटाच्या आंधी नेता काय?"

दुसऱ्या कोणाही नवऱ्यानं बंडी जुंपली असती. माझे बाबा शाळामास्तर. त्यांनी टाक आणि दौत घेतली. विषय: सहकुटुंब मनोरंजनार्थ तलाव पाहण्यास परवानगी मिळणेबाबत. माझं अक्षर चांगलं, म्हणून पक्की प्रत मी काढली.

परवानगी खरं तर कोणालाच लागत नव्हती. आसपासच्या गावांची गुरं त्या तलावात रोज बिनपरवाना डुंबत होती. मी तसं म्हटलं, तर बाबा म्हणाले, "गुरांले कोणी इचारत नाही. आपल्याले इचारतीन." छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांनी देव सोडले, उपास सोडले, कागदावरचा विश्वास मात्र उलट वाढला. लहानपणी गावच्या विहिरीवरून त्यांना दगड मारून हाकललं होतं. "तवा आपल्यापाशी कागद नोयता," असं ते सांगायचे. जणू कागद असता तर दगड अर्ध्यातून माघारी गेले असते.

दिवाळीत पाटबंधारे कचेरीतून उत्तर आलं: सहलीचं स्वरूप कळवावं. बाबांनी कळवलं, झाडाखाली रोडगे भाजू, सोबत वांग्याची भाजी करू. तिथले साहेब पुण्याकडचे असावेत. 'रोडगे म्हणजे काय, याचा खुलासा करावा,' असं उलट टपाली विचारलं गेलं. बाबांनी पाऊण पान खुलासा केला: कणकेचे गोळे, गोवऱ्यांची धग आणि वरून तूप. माय म्हणाली, "साहेबालेच दोन रोडगे नेऊन देल्ले असते तं आजवर जाऊन आलो असतो." मग विस्तवाबद्दल विचारणा झाली. विस्तवाचाही खुलासा गेला.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे बाबा इतरांना हसून सांगायचे. इकडं माय बाजारात भेटेल त्याला विचारायची, "पाणी किती राह्यलं?" गव्हासाठी पाटाला पाणी सुटलं होतं. कार्तिकात पाळीला आतून लावलेले वरचे दगड उघडे पडले. पौषात मधला खडक वर आला. असा निरोप आला की माय भाकरी जोरात थापायची. मला बाबांचा भयंकर राग यायचा, आणि त्यांच्या प्रत्येक अर्जाला सुंदर अक्षर मीच द्यायचे.

माघात परवानगी आली. सहा अटी, सही, गोल शिक्का. मी वाचली. पाचवी अट होती, 'पाण्यात उतरू नये.' छापील होती, सगळ्यांसाठी होती. तरी मी ती दोनदा वाचली. मायला बाबांनीच वाचायला शिकवलं होतं. तिनं कागद घेतला, बोट फिरवत सावकाश खालपर्यंत आणलं, परत दिला आणि रोडग्याचं पीठ काढायला गेली.

रविवारी गेलो. अर्ध्या तलावात पाणी होतं, अर्ध्यात चिखल. कडुलिंबाखाली चौकीदार बिडी ओढत बसला होता. त्यानं आमच्याकडं पाहिलंही नाही. पण बाबा बंडीतून उतरले, थेट त्याच्यासमोर गेले आणि कागद पुढं केला. शिक्का पाहून तो घाबरून उभाच राहिला. "मले वाचता येत नाही, गुरुजी. तुमीच वाचा. जे लेहेलं असन तसं करू."

आता झालं, मी मनात म्हटलं. वर्गात बाबांनी कधी स्वल्पविरामसुद्धा गाळू दिला नव्हता.

बाबा वाचू लागले. चौकीदार एकेका अटीला एकेक बोट उघडत होता. पहिली, कचरा करू नये. दुसरी, झाडे तोडू नयेत. तिसरी, विस्तव विझवावा. चौथी, पाळीवर गुरे नेऊ नयेत. माय पाण्याकडं तोंड करून उभी होती. लुगडं वर खोचलेलं, चपला हातात. बाबांनी मान वर करून तिच्या पायांकडं पाहिलं. मग पुन्हा कागदाकडं.

"सहावी. सूर्यास्तापूर्वी परत जावे."

"अन् पाचवी?" चौकीदाराचा अंगठा अजून मिटलेलाच होता.

"पाचवी नाही," बाबा म्हणाले.

मायनं मागं वळून पाहिलं नाही. चिखल तुडवत ती गुडघाभर पाण्यात गेली. तिथूनच तिनं हाक मारली, "मास्तर, ठेवा तो कागद अन् या."

बाबांनी कागद माझ्या हातात दिला आणि ते बूट सोडायला बसले.