चक्रावरची रेघ

आमचे हे गेल्यावर त्यांचं रिव्हॉल्व्हर विकायला परवा नाशिकच्या त्याच दुकानात गेले. बंदुकीच्या तेलाचा वास आला, आणि मी पुन्हा हिरव्या चुड्यातली नवी नवरी झाले.

देवळ्याला आमचं घर मळ्यात, हाकेच्या अंतरावर कुणी नाही. यांना नुकताच परवाना मिळालेला. दुकानदारानं दाखवलेलं पहिलंच जुनं रिव्हॉल्व्हर यांनी उजेडात धरलं. गोळ्या भरायच्या चक्राभोवती पांढरी, खोल रेघ होती.

"लय गोळ्या सुटल्यात यातून," हे म्हणाले.

"नाही हो, नळी कोरी आहे," दुकानदार म्हणाला. "नुसतं चक्र फिरवलं तरी आतला खटका घासून रेघ पडते. मालक रात्र रात्र फिरवत बसत असेल."

"म्हणजे भित्राच होता!" हे मोठ्यानं हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले. मग आम्ही बिनरेघेचं घेतलं.

परवा गिऱ्हाईक म्हणून आलेल्या तरुणानं यांचं ते रिव्हॉल्व्हर खिडकीशी नेलं. चक्राभोवती पांढरी, खोल रेघ.

इतकी वर्षं रोज रात्री ओसरीवरून त्या चक्राचा कटकट आवाज यायचा. हे जागे आहेत, मग कसली भीती, म्हणून त्या आवाजावर मी निर्धास्त झोपायचे.

"खूप वापरलंय, काकू," तो म्हणाला.

"एकदाही झाडलेलं नाही," मी म्हणाले, आणि तो हसेल म्हणून त्याच्याकडे बघितलंच नाही.