छताखालचं वाचन
शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी एकटीच शिक्षिका आहे. वर्गाच्या छताला तडे गेले होते, पण दुरुस्तीचा निधी येत नव्हता. त्या दिवशी केंद्रप्रमुख मुलांचं वाचन तपासायला आले. मुलं अडखळली तर शाळा बंद करतील, अशी मला धास्ती होती.

पहिली मुलगी वाचत असताना वरून माती गळली. तपासणीसाठी येऊन मागे बसलेल्या शाळा समितीच्या अध्यक्ष, त्याच मुलीच्या आई, उठून म्हणाल्या, "बाई, पोरं आधी भाईर काढा. साळंचं मागनं बघू."

शेवटचं मूल बाहेर आलं आणि आत गिलावा कोसळला. वाचन तिथंच राहिलं.

शाळा आता समाजमंदिरात भरते. ती टिकणार का, हे कुणी सांगत नाही. रस्त्यावर गाडी थांबली, की मी दारात जाऊन बघते, केंद्रप्रमुख पुन्हा आले का.